ताईसाहेब वाचून दाखवायच्या

नोकरीत मला तोंडावर, सगळ्या हॉलच्या देखत, खणखणीत आवाजात "आळशी" म्हणणारी एकच बाई भेटली. तेही मला स्वतःच्या खुर्चीत बसवून, स्वतः उभं राहून! राग यायला हवा होता. आलाही होता. पण आज त्यांची आठवण निघाली की मी दर्पण कॉलनीतल्या माझ्या स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटते, आणि आतून नवरा विचारतो, "कुणाचा फोन होता गं?"

फोन कुणाचा नसतो. सुनेत्रा मोहिते असतात, आमच्या ऑफिसच्या अधीक्षक.

आमचं खातं कोणतं ते सांगत नाही, माझी पेन्शन अजून तिथूनच निघायचीय. एवढं सांगते की ऑफिस ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरला आहे, ऑफिसला एक खिडकी आहे, खिडकीबाहेर कागद घेतलेले लोक आहेत आणि आत आम्ही आहोत. मी आवक-जावकवाली. येणाऱ्या टपालावर शिक्का, जाणाऱ्या टपालावर शिक्का. ताईसाहेब आमच्या सगळ्या बाबूलोकांच्या वर आणि साहेबांच्या खाली. मराठी माणसं त्यांना ताईसाहेब म्हणायची, बाकी सगळे भिंड-मुरैनाकडचे हिंदीवाले ताईसाहब. नुसतं मॅडम कुणी म्हणालं तर त्या मागे वळून बघायच्या, कुणी दुसरी बाई आलीय की काय म्हणून.

"आमचे पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर आले," त्या सांगायच्या. "त्यांनी घोडे हाकले, मी बाबू हाकते. घोडं बरं बाई. त्याला कॅज्युअल लीव्ह नसते."

अंगावर कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. टाच दुखते म्हणून घालते असं सांगायच्या. मला खरं कारण मालूम आहे. त्या बुटांचा आवाज होत नसे. आपण मान खाली घालून कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसलोय, आणि कानाजवळ शांतपणे ऐकू यायचं, "लाल राणी तिकडे ठेव, मग काळा गुलाम सुटेल." वर बघावं तर ताईसाहेब. ओरडायच्या नाहीत. डाव पुरा होईपर्यंत मागे उभ्या राहायच्या. असं उभं राहिलेलं कुणी असताना पत्त्याचा डाव पुरा करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

बोलायच्या आमच्या ग्वाल्हेरी मराठीत. अर्ध्या वाक्यात हिंदी यायची, ती काही पाहुणी नव्हे, घरचीच. "माझ्या सामने नाटक नको करूस, खामखा वेळ जातो." पुण्याची माझी नणंद असली मराठी ऐकून हसते. हसू दे, तिला कुठे ताईसाहेबांच्या हाताखाली काम करायचं होतं?

आता ते वाचून दाखवायचं प्रकरण सांगते. सरकारी नोकरीत दर वर्षी मार्च संपला की प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहितात. आमच्याकडे त्याला सरळ 'सीआर' म्हणतात. आधी आपण स्वतःबद्दल लिहून द्यायचं, मग वरच्याने आपल्याबद्दल लिहायचं, मग त्याच्या वरच्या साहेबांनी 'सहमत' लिहून सही ठोकायची. शेवटी श्रेणी. सगळ्यात वर 'क' आणि त्याला अधिकचं चिन्ह, म्हणजे उत्कृष्ट. मग नुसता 'क', मग 'ख' म्हणजे चांगला, 'ग' म्हणजे औसत, जेमतेम, आणि 'घ' म्हणजे बोलायलाच नको. बाकी सगळ्या ऑफिसांत हे काम बंद खोलीत, बंद लिफाफ्यात होतं. कुणी कुणाबद्दल काय लिहिलं ते जन्मात कळत नाही, आणि सगळे एकमेकांकडे संशयाने बघत रिटायर होतात.

ताईसाहेबांना हे झेपायचंच नाही. "गोपनीय म्हणजे पाठीमागे बोलणं. त्यासाठी आमच्या गल्लीत पुष्कळ बायका आहेत. मी जे वाचून दाखवलं नाही, ते मी लिहिलंच नाही असं समजायचं."

म्हणून एप्रिलातल्या एका दिवशी आमच्या हॉलमधले पंखे बंद व्हायचे, कागद उडू नयेत म्हणून. ज्याची पाळी त्याला त्या आपल्या खुर्चीत बसवायच्या, आणि स्वतः समोर उभं राहून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, त्याचा सीआर शब्द न शब्द वाचायच्या. खुर्ची का द्यायच्या ते मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "अगं, ऐकणाऱ्याचे पाय कापतात. आणि लिहिणाऱ्याने उभंच राहावं, म्हणजे फालतू लांबण लागत नाही."

माझा असा होता: "श्रीमती सुलभा तेज हैं और आलसी हैं. तेजी का पूरा उपयोग आलस छुपाने में करती हैं. श्रेणी ख." मी लालबुंद! आणि हॉल टाळ्या वाजवतोय, कारण ताईसाहेबांच्या हातून 'ख' म्हणजे पेढे वाटायची गोष्ट होती. त्यांनी 'क' क्वचित कुणाला दिला असेल, आणि अधिकच्या चिन्हाचा तर कुणालाच नाही. "तो फक्त भगवंताचा," त्या म्हणायच्या, "आणि त्याच्याही फायली पेंडिंग आहेत."

त्यांची स्वतःची एकच हौस होती. राजपत्रित अधिकारी होऊन रिटायर व्हायचं. गॅझेटेड! त्यांचे वडील आयुष्यभर दाखल्यांवर गॅझेटेड साहेबाची सही मिळवायला व्हरांड्यात उभे राहिले होते, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. राजपत्रित माणूस हिरव्या शाईने सही करतो. ताईसाहेबांच्या पर्समध्ये एक हिरवं पेन कित्येक वर्षं पडलेलं असायचं, टोपणसुद्धा न काढलेलं. कुणी मागितलं तर म्हणायच्या, "हात नको लावूस, ते अजून ड्यूटीवर आलेलं नाही."

तर अशा बाईच्या नशिबात भदौरिया आला.

भदौरिया आमच्या खिडकीवरचा बाबू. माणूस गोड, मिशी झुबकेदार, आणि कामाशी उभा दावा. सकाळी येऊन मशीनवर अंगठा लावायचा, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकायचा, आणि गुल! मे महिन्यातसुद्धा स्वेटर. स्वेटर आहे म्हणजे माणूस इथेच कुठेतरी आहे, असं पब्लिकने समजायचं. पब्लिक बिचारी स्वेटरसमोर लाइन लावून उभी राहायची.

दर वर्षी आपल्याबद्दल जे लिहून द्यायचं असतं, ते तो माझ्या कागदावरून उतरवून घ्यायचा. मी माझ्या धाकट्याच्या वेळी रजेवरून परत आले त्या वर्षीसुद्धा त्याने ते इमानदारीत उतरवलं. फक्त 'रही'चं 'रहा' केलं, बाकी हात लावला नाही. ताईसाहेबांनी कागद वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी घरून स्टीलचा डबा घेऊन आल्या, भर हॉलमध्ये त्याच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत डिंकाचे लाडू.

"लीजिए भदौरिया जी. ऐसे समय में कमर को ताकत चाहिए."

त्याला काय, खायला मिळालं की पुरे. त्याने दोन लाडू हाणले.

"क्या हुआ, बेटा कि बेटी?" ताईसाहेबांनी विचारलं.

"हमारे तो दोनों बड़े हो गए, ताईसाहब," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

मग त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याचाच कागद वाचला. "प्रसूति अवकाश की अवधि छोड़कर मैं वर्ष भर अपनी सीट पर उपस्थित रहा." हॉलमध्ये जो काही हशा उसळला म्हणता! बाहेरची लाइनसुद्धा खिडकीत डोकं घालून हसायला लागली. भदौरियाचा लाडू घशात अडकला, पाणी मीच दिलं. पुढे कित्येक दिवस त्याला येणारा-जाणारा विचारायचा, जच्चा-बच्चा कैसे हैं? म्हणजे बाळ-बाळंतीण बरे आहेत ना!

पण गडी सुधारला का? छे! त्या वर्षी 'घ', आणि त्याच्या पुढच्या वर्षीही 'घ'. दर एप्रिलात तो खुर्चीत बसायचा, "सीट पर नहीं मिलते, काम में रुचि नहीं" ऐकायचा, "जी, बिल्कुल सही लिखा है" म्हणून सही करायचा आणि चहाला जायचा. ताईसाहेब हातातल्या कागदाकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सुलभा, मी याला वाचून दाखवते आणि हा ऐकून घेतो. आम्ही दोघं मिळून एक कार्यक्रम करतो झालं. काम कुठे होतंय?"

त्या दिवसापासून काहीतरी शिजत होतं त्यांच्या डोक्यात. भदौरिया जातो कुठे याचा त्यांनी पत्ता काढला. नई सडकेवर त्याच्या मेहुण्याचं साड्यांचं दुकान होतं. हा तिथे गादीवर लोडाला टेकून बसायचा, चहा प्यायचा आणि गिऱ्हाइकांना साड्यांवर सल्ले द्यायचा. नोटीस द्या, पगार कापा, असं कुणीही म्हणालं असतं. ताईसाहेब एका सकाळी खिडकीशी गेल्या आणि स्वेटरसमोरच्या लाइनीला नम्रपणे म्हणाल्या, "भदौरिया जी का काउंटर आजकल नई सड़क पर लगता है. आइए, मैं ले चलती हूँ."

आणि खरंच घेऊन गेल्या! मागोमाग टेम्पोत म्हातारे, बायका, काखेत पोरं, हातात कागदांच्या पिशव्या. मी शिक्का घेऊन त्यांच्याबरोबर. सोडते काय असली गोष्ट! ताईसाहेब दुकानात चढल्या, बूट काढून गादीवर बसल्या, भदौरियाच्या पुढ्यातला चहा बाजूला सारला आणि फायलींचा गठ्ठा ठेवला. "चलिए. अगला कौन?"

त्या दिवशी दुकानात एक साडी विकली गेली नाही. लग्नाच्या बस्त्याला आलेली माणसं लाइन बघून परत गेली. एक आजोबा साड्यांच्या थप्पीवर टेकून झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मेहुण्यानेच हात जोडले. "जीजा, तुम्हारे पाँव पड़ता हूँ, तुम दफ्तर जाओ." आणि स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून त्याला सिटी सेंटरला पोचता करून गेला. पुढे तो रोजच सोडायला यायचा. आमच्या मशीनला जे जमलं नाही, ते मेहुण्याने केलं.

भदौरिया खुर्चीत बसायला लागला. आधी चिडून बसला, मग कंटाळून बसला, आणि मग हळूहळू त्याला लाइनीतल्या माणसांची नावं मालूम व्हायला लागली. एकदा एका म्हातारीचं काम झालं, तर तिने खिडकीतून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला. त्या दिवशी तो चहालासुद्धा उठला नाही. त्या एप्रिलात ताईसाहेबांनी वाचलं, "धीमे हैं, पर मिलते हैं. श्रेणी ग." भदौरियाने पेढे वाटले. 'ग'चे पेढे खाल्लेले आम्हीच एकटे असू.

आणि नेमकं त्याच सुमारास वरून फर्मान आलं. ज्यांची पन्नाशी उलटली किंवा वीस वर्षं नोकरी झाली त्यांचं रेकॉर्ड तपासा, आणि जे कामाचे नाहीत त्यांना सक्तीने निवृत्त करायला नावं पाठवा. आमचे साहेब आदल्या वर्षीच भोपाळहून आलेले. भिंतीवर मोठा स्क्रीन लावून त्यावर आमचं काम लाल, पिवळं, हिरवं बघत बसायचे. त्यांना एक तरी नाव पाठवायचंच होतं. नाव नाही पाठवलं तर वर वाटेल, साहेब ढिला आहे.

मी डाक सहीला घेऊन आत उभी होते, म्हणून हे सगळं माझ्या सामने झालं. साहेब खुशीत होते. "मैडम, आपका काम कमाल का है. दूसरे दफ्तरों में खराब सीआर लिखते हैं और कर्मचारी को बताते नहीं, तो मामला कोर्ट में उड़ जाता है. आपने हर बार पढ़कर सुनाया, दस्तखत लिए. भदौरिया का केस एकदम पक्का है."

ताईसाहेबांचा चेहरा मी कधी पडलेला पाहिला नव्हता, तो त्या दिवशी पाहिला. ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तीच त्या माणसाच्या गळ्याला लागली होती.

"अब तो वो काम करता है, साहब."

"एक साल. बाकी सालों का क्या? आपने ही लिखा है. गलत लिखा था?"

"नहीं. सही लिखा था."

"तो कल प्रस्ताव रख दीजिए."

"रख दूँगी," ताईसाहेब म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

मला असा संताप आला त्यांचा! भदौरियाच्या घरात पगार एकच. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, पोरगा परीक्षा देत बसलेला, मेहुण्याच्या दुकानाचं दार तर आता कायमचं बंद. संध्याकाळी तो त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मिशी पार खाली. "ताईसाहब, झूठ ही लिख देतीं कभी."

"पहले काम कर लेते, तो झूठ लिखना पड़ता क्या?" त्या म्हणाल्या. मग पर्स उचलली. "घर जाइए. कल समय पर आइए."

घरी जायची आम्हा दोघींची रिक्षा एकच, त्या दिवशी मी तिच्यात तोंड फिरवून बसले. म्हटलं, दगड आहे बाई.

दुसऱ्या दिवशी ताईसाहेब प्रस्ताव घेऊन साहेबांकडे गेल्या. मीही डाक घेऊन गेले. डाक नव्हतीच काही, कालचीच नेली. साहेब खुर्चीत बसलेले होते. ताईसाहेब समोर उभ्या राहिल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, आणि मला कळलं की आता वाचून दाखवणार.

"अनिवार्य सेवानिवृत्ति हेतु नाम. श्रीमती सुनेत्रा मोहिते, अधीक्षक."

साहेब म्हणाले, "ये क्या है?"

"सुनिए तो. 'आयु और सेवा, दोनों की शर्त पूरी करती हैं. इनके अधीन एक कर्मचारी बरसों तक सीट पर नहीं बैठा. ये हर साल लिखती रहीं कि नहीं बैठता. लिखना सरल था, बिठाना इनका काम था. जिस दिन सचमुच बिठाने निकलीं, तीन दिन में बैठ गया. यानी पहले भी बैठ सकता था. इतने साल का नुकसान इनके कारण हुआ. अतः नाम प्रस्तावित है.' नीचे मेरे दस्तखत हैं."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी डाकेकडे बघितलं.

"मैडम, मजाक मत कीजिए."

"मजाक नहीं, साहब. भदौरिया का नाम जाएगा तो मेरा भी जाएगा, नहीं तो केस अधूरा है. और एक बात. मेरे लिखे के नीचे हर साल समीक्षक अधिकारी ने 'सहमत' लिखा है. पिछले साल का 'सहमत' आपका है. ऊपर से पूछा कि सहमत थे तो किया क्या, तो मैं क्या जवाब लगाऊँ? वो भी बता दीजिए, टाइप करवा लेती हूँ."

खोलीत भिंतीवरचा स्क्रीन तेवढा लाल-हिरवा होत होता. साहेब पाणी प्यायले. मग उत्तर ठरलं. आमच्या सरकारी भाषेत एक सोन्यासारखा शब्द आहे, 'निरंक'. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. 'इस कार्यालय की जानकारी निरंक है.' त्या कागदावर जावकचा शिक्का मी मारला, आणि इतक्या जोरात मारला की टेबल हललं. आदल्या दिवशी दगड म्हटलं होतं ना, म्हणून घरी जाताना त्यांना कोपऱ्यावर डाळ भरलेली गरम बेडई-पुरी खाऊ घातली. त्यांना कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, दुसरी प्लेट मात्र मागितली.

भदौरियाला कुणी काही सांगितलं नाही. त्याला वाटलं, सरकार विसरलं. सरकार विसरतं यावर त्याचा पहिल्यापासून विश्वास होता.

पण साहेब विसरले नाहीत. पुढच्या वर्षी राजपत्रित पदाच्या प्रमोशनची यादी आली, तिच्यात ताईसाहेबांहून ज्युनिअर माणसांची नावं होती आणि त्यांचं नव्हतं. आम्हाला वाटलं, भोपाळात कुणाची तरी ओळख लागली असेल. ताईसाहेबांचं सगळं पहिल्यासारखंच. बूट तेच, इस्त्री तीच, आणि एप्रिलात पंखे बंद.

मग त्यांचा रिटायरमेंटचा दिवस आला. खिडकी बंद, त्यावर विदाई समारोहाचा कागद, हॉलमध्ये समोसे, तिळाची गजक, हार, माइक. साहेबांनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला आणि भाषण केलं. मोहिते मैडम इस कार्यालय का रत्न हैं. इनका काम सदा उत्कृष्ट रहा. टाळ्या.

ताईसाहेबांनी बसल्या बसल्याच माइक मागून घेतला.

"साहब ने अभी उत्कृष्ट कहा. बहुत धन्यवाद. कागज पर 'ग' लिखा है. मुझे भोपाल से मालूम पड़ा, प्रमोशन रुकने के बाद. अब देखिए, मैं कुर्सी पर बैठी हूँ, आप खड़े हैं, माइक भी है. इतने साल मैंने सबको सुनाया. मेरा भी कोई सुना दे. पढ़ दीजिए, साहब."

हॉलमध्ये समोसा चावायचासुद्धा आवाज बंद झाला. साहेब हसले, "मैडम बड़ी मजाकिया हैं," म्हणाले आणि फोन कानाला लावून बाहेर गेले. फोन वाजला नव्हता. मला सगळा हिशेब एका क्षणात लागला, आणि मी भर समारंभात ओरडले, "ताईसाहेब, त्या निरंकसाठी? त्याचा सूड काढला त्यांनी?" मग काय, लपवायचं काही राहिलंच नाही. लोकांनी विचारलं, मी सांगितलं. भदौरिया हातात गजक धरून ऐकत होता. त्याने गजक टेबलावर ठेवली आणि उठून गेला.

मी ताईसाहेबांच्या गळ्यातले हार काढत होते. माझ्या डोळ्यांपुढे ते हिरवं पेन येत होतं आणि मला रडू आवरत नव्हतं. "पेन कुठाय?" मी विचारलं.

"नातीला दिलं. तिने पोपट काढलाय. राजपत्रित पोपट." त्या हसल्या, पण नाक ओढलं. "रडू नकोस गं, खामखा काजळ पसरतं."

आम्ही निघालो तर खिडकी उघडी! समारोहाचा कागद काढून टाकलेला. बाहेर लाइन, आत भदौरिया, मान खाली घालून कागद बघतोय. विदाईच्या दिवशी सरकारी ऑफिसात कुणी काम करतं का? ताईसाहेब शाल-नारळासकट लाइनीत जाऊन उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर त्यांनी नारळ खिडकीत ठेवला.

त्याने वर बघितलं. डोळे लाल. "ताईसाहब, मेरी वजह से..."

"तुम्हारी वजह से कुछ नहीं. तुमको कुर्सी पर बिठाने में मुझे इतने साल लगे. औसत काम हुआ कि नहीं? साहब ने गलत नहीं लिखा, भदौरिया जी. बस पढ़कर नहीं सुनाया."

भदौरिया उठला. बाजूचं दार उघडून त्याने त्यांना आत घेतलं आणि आपली खुर्ची पुढे ओढली. पाठीवरचा स्वेटर काढून काखेत मारला. "बैठिए."

ताईसाहेब बसल्या. तो समोर उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून. हातात कागद नव्हता.

"श्रीमती सुनेत्रा मोहिते, अधीक्षक. समय पर आती थीं. जूते ऐसे पहनती थीं कि पता ही नहीं चलता था. डाँटती कम थीं, बेइज्जती ज्यादा करती थीं. मेरी नौकरी बचाने को अपनी..." तिथे तो अडकला.

"आगे," ताईसाहेब म्हणाल्या. "लोग खड़े हैं. श्रेणी बोलो."

आम्ही सगळे दारात गोळा झालो होतो. मला खात्री होती, आता तो ते भगवंताचं अधिकचं चिन्ह देणार. भदौरियाने बाहीने नाक पुसलं.

"ख," तो म्हणाला.

"का रे?" त्या चक्क मराठीत म्हणाल्या.

"क तो मिलता, ताईसाहब. पर प्रसूति के बाद दो ही लड्डू खिलाए थे आपने."

ताईसाहेब अशा हसल्या, अशा हसल्या, की शाल खाली पडली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. लाइनीतल्या माणसांना काही कळत नव्हतं, तरी तीही हसत होती. मग त्या उठल्या, खुर्चीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "सही लिखा. अब बैठो."

नारळ काखेत धरून त्या बाहेर गेल्या. बुटांचा आवाज झाला नाही. गेटाशी ई-रिक्षात चढताना एकदा त्यांनी मागे वळून बघितलं, आमच्याकडे नाही, खिडकीकडे. मी भदौरियाला म्हटलं, "देखो देखो, जा रही हैं." त्याने मान वर केली नाही. समोरच्या माणसाच्या हातातला कागद घेत तो म्हणत होता, "हाँ बाबा, बताओ, क्या काम है."